सपरीतला पट्टा

१

हेमराजचा रविवार मोजण्यात जायचा. बाकीचे मास्तर लोक सकाळी थैली घेऊन मटणाच्या रांगेत, आणि हा गडी पन्नास फुटी टेप, पाटी अन् पेन्सिल घेऊन आसोलखेड्याच्या जुन्या वस्तीत. आयटीआयमध्ये पोरांना घरांचे नकाशे काढायला शिकवायचा. माणूस मोठा नेटका. शर्टाची घडी मोडायची नाही आणि बोलताना जीभ घसरून कुठे 'मले', 'तुले' निघायचं नाही, याची त्याला फार काळजी. नव्व्याण्णव साली नगरपरिषदेची स्मरणिका निघायची होती आणि तीत 'आसोलखेड्याची जुनी घरे' हा लेख नकाशांसह त्यानं लिहायचा, असं ठरलं होतं. तेव्हापासून स्वारी जमिनीवर नव्हती. ज्या घरांसमोरून लहानपणी मान खाली घालून जायचा, त्या घरांच्या बैठकीत आता त्याला खुर्ची मिळत होती, वर चहा.

टेपचं दुसरं टोक धरायला गुलाम रसूल चाचा. सत्तरीचा मिस्त्री. गावातल्या निम्म्या घरांच्या छपरांची कवेलू त्यानं दरसाल पावसाआधी फेरलेली आणि उरलेल्या निम्म्यांच्या भिंती लिंपलेल्या. खांबावर बोटाच्या पेरानं ठोकून म्हणायचा, "आलापल्लीचा साग हाय सर. आवाज ऐका ना, कसा बोलून राह्यला."

या घरांची बांधणी सगळीकडे एकच. रस्त्याला ओटा, ओट्याच्या वर कवेलूच्या उताराखाली सपरी, सपरीतून बैठकीचं दार, मग माजघर. आणि एक गोष्ट सगळ्या घरांत सारखी होती. सपरीच्या आतल्या भिंतीला, दाराच्या डाव्या हाताला, जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत डांबराचा काळा पट्टा. उजव्या हाताला नाही, फक्त डाव्या.

हेमराजनं वहीत लिहिलं, 'पावसाच्या शिंतोड्यांपासून चुन्याचे रक्षण व्हावे म्हणून हा पट्टा देत असत.' आणि चाचाला वाचून दाखवलं.

चाचानं तोंडातली सुपारी थांबवली. "सपरीत पाऊस कुठून येते सर? कवेलू सहा फूट भाईर हाय. आन् आला समजा, त डाव्याच हाताले येते?"

"जुने लोक होते चाचा. काहीतरी विचार करूनच करत असतील."

"हौ," चाचा म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला.

ते 'हौ' हेमराजला दिवसभर बोचत राहिलं. कारण पट्टा कशासाठी होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांचा असताना तो बापाबरोबर त्या पट्ट्याला टेकून बसला होता. बाप मनसाराम, जातीचा ढिवर, तलावाच्या मासोळ्या कावडीनं घरोघरी पोचवायचा. मालकाचा निरोप आतून येईपर्यंत सपरीत डाव्या हाताला बसायचं, अशी रीत. कधी घटकाभर, कधी दुपार टळेपर्यंत. कोळी, ढिवर, मोहफुलं आणणारे, लाकडं आणणारे, सगळे तिथंच बसत. अंगाचा घाम, डोक्याचं तेल, ओले कपडे, यांनी पांढरा चुना घाण व्हायचा, म्हणून बसत्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत डांबर. "डोकं पट्ट्याखाली ठेव रे," बाप हळूच म्हणायचा, "वरचा चुना खराब होते."

एवढाच त्या पट्ट्याचा इतिहास. पण तो लिहिला असता तर कोणीतरी विचारलंच असतं, सर, तुम्हाला हे कसं माहीत? म्हणून हेमराजनं पाऊस पाडला.

२

स्मरणिकेच्या संपादक अन्नपूर्णाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, जुन्या मालगुजारांच्या घरातल्या. घर ठणठणीत, कुठे कवेलू हललेलं नाही. मुखपृष्ठावर आपल्याच घराचा फोटो यायचा म्हणून बाईंनी सगळी सपरी पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवून घेतली होती, पट्ट्यासकट. हेमराज आणि चाचा मोजायला गेले तेव्हा बाई वैतागलेल्या होत्या.

"आठ दिवस नाही झाले रंग देऊन, आणि हे बघा."

दाराच्या डाव्या हाताला पिवळ्या भिंतीवर ओल आली होती. वर एक गोल, गोलाखालून दोन्हीकडे उतरत गेलेले खांदे, आणि तिथून खाली जमिनीपर्यंत निमुळती होत गेलेली पाठ. भिंतीला टेकून कोणी ओल्या अंगानं बसून उठावं, तसं.

"रंगारी म्हणतो, लोणा लागलाय."

"डांबरावर रंग बसत नाई बाई," चाचा म्हणाला. "आतलं तेल वर येते."

हेमराजला बरं वाटलं. तेल वर येतं, सरळ गोष्ट आहे. हाताला सवय म्हणून त्यानं टेप लावली. जमिनीपासून गोलाच्या माथ्यापर्यंत दोन फूट आठ इंच. खांद्याची रुंदी पंधरा इंच. डावा खांदा उजव्यापेक्षा इंचभर खाली. आकडे लिहून झाल्यावर त्याच्या मनात आलं, ओल वरून खाली उतरते हे खरं, पण तिचा एक खांदा का उतरावा?

अन्नपूर्णाबाई जवळच उभ्या होत्या. "इथेच एक ढिवर बसायचा हो. मनसाराम. तास तास बसायचा, पण कधी हाक मारायचा नाही. आई म्हणायची, तो आलाय हे वासावरनं कळतं." बाई हसल्या. वाईट हेतू काही नव्हता. मग हेमराजकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुमची चेहरेपट्टी थोडी तशीच वाटते मला. तुम्ही तिकडचेच का, तलावापलीकडच्या टोलीचे?"

"नाही, नाही," हेमराज म्हणाला. "आम्ही वरोऱ्याकडचे. मनसाराम वगैरे कोणी ठाऊक नाही."

वरोरा त्याच्या बायकोचं माहेर. टेपचं दुसरं टोक चाचाच्या हातात होतं, आणि टेप एकदम सैल पडली. चाचा मनसारामच्या ओळखीचा, हा लेक कोणाचा हे त्याला ठाऊक होतं. हेमराजनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कान मात्र असे तापले की बाईंना दिसले असतील, या भीतीनं तो पाटीवर वाकून उगाच रेघा ओढत राहिला. गप्प बसणं वेगळं. आज त्यानं बापाचं नाव तोंडानं घेऊन त्याला नाही म्हटलं होतं.

परतताना चाचा सायकल हातात धरून चालत होता. चौकात आल्यावर म्हणाला, "मनसारामभाऊ खाटेवर हाय म्हणते. दोन महिने झाले. उठणं नाई, बसणं नाई. तुमची चंदाबाई एकटीच पाह्यते त्याले."

चंदाबाई हेमराजची मोठी बहीण. नवरा वारल्यावर बापाकडे राहायला आलेली.

"मले मालूम हाय," हेमराज म्हणाला. जीभ घसरली होती, आणि मालूम तर काही नव्हतं.

"एक डाव जाऊन या ना सर. टोली काय लंब हाय? सहा किलोमीटर. म्हातारा माणूस, आज हाय त उद्या नाई."

"स्मरणिका होऊन जाऊ द्या चाचा. मग जातोच."

चाचा सायकलवर टांग टाकून निघून गेला.

३

पुढच्या रविवारी मशिदीमागच्या गल्लीत कमरजहाँचं घर. सासऱ्याच्या वेळची कापडाची पेढी, आता वरच्या खोलीत शिवणकाम चालायचं. सपरी हिरव्या रंगाची, रंग पाच-सहा वर्षांपूर्वीचा, उडालेला.

डाव्या हाताला तोच डाग.

"हे परवा नव्हतं सर," कमरजहाँ म्हणाली. "दुपारी मी आत होती, त वाटलं सपरीत कोनी येऊन बसलं. खोकल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, कौन है? जवाब नाई. पडदा सरकवून पाह्यलं त कोनी नाई, भिंत ओली."

हेमराजनं टेप लावली. दोन फूट आठ इंच. पंधरा इंच. डावा खांदा इंचभर खाली.

त्यानं आकडे लिहिले आणि रबरानं खोडले. डोकं तर्क काढू लागलं. मिस्त्री एक, डांबर एकाच पिंपातलं, ऊन एकाच बाजूचं. दोन घरांत सारखा डाग पडला तर नवल काय? आयटीआयमध्ये पोरांना तो हेच शिकवायचा, ओलीला कारण असतं, शोधा. त्यानं तळहात भिंतीला लावला. बाकीची भिंत थंडगार होती. डाग कोमट होता. कोणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते, तितका.

त्यानं हात मागे घेतला तो थेट खिशात घातला.

"चाचा, तुम्ही हात लावून पाहा."

"मले काऊन लावायला सांगता?" चाचा म्हणाला. आवाज शांत होता. "मले मालूम हाय कोनाची पाठ हाय ते. चाळीस वर्षं कावड वाह्यली त्या डाव्या खांद्यानं."

"काहीतरीच बोलता चाचा. तो माणूस खाटेवर आहे ना? तुम्हीच म्हणाले."

"हौ. मीच म्हणलो."

कमरजहाँला यातलं काही कळलं नाही. ती आपली हळहळत होती, "जो कोनी होता, पानी तरी विचारायला पाह्यजे होतं मी. एवढ्या उन्हाचं."

हेमराजनं त्या दिवशी पुढचं घर मोजलं नाही. तब्येतीचं कारण सांगून घरी आला, आणि वाटेत टोलीचा फाटा लागला तेव्हा स्कूटर हळू केली, पण वळवली नाही. उद्या जाऊ, असं स्वतःला म्हणाला. हे तो गेली दोन वर्षं म्हणत होता.

४

दोन वर्षांचं सांगायलाच पाहिजे. त्याशिवाय या माणसाची लाज कळायची नाही.

सत्त्याण्णवमध्ये त्यानं गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये स्लॅबचं घर बांधलं. हॉल, दोन खोल्या, पुढं व्हरांडा, गुलाबी डिस्टेंपर. वास्तूच्या दिवशी आयटीआयचे प्राचार्य, बँकेचे साहेब, वरोऱ्याची सासुरवाडी, सगळे हॉलमध्ये. मनसाराम सकाळी सहा किलोमीटर चालत आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेली जिवंत मरळ, लेकाच्या घराला पहिली भेट. दारापर्यंत आला, आत लोक पाहिले, आणि कोणी काही सांगायच्या आधीच व्हरांड्यात दाराच्या डाव्या हाताला भिंतीशी बसला. सवय. मरळ पानात फडफडत होती.

प्राचार्यांनी विचारलं, "हे कोण?"

"गावाकडचा माणूस आहे," हेमराज म्हणाला.

मनसारामला ऐकू गेलं. तो उठला, बसलेली जागा डोक्याच्या फडक्यानं पुसली, मासोळी तिथंच ठेवली आणि गेला. डिंपल, हेमराजची बायको, स्वयंपाकघरात होती. तिला संध्याकाळी कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमाले झोप कशी येईल हो?" त्याला झोप आली. वाईट हेच की आली. त्यानंतर बाप कधी आला नाही आणि लेक कधी गेला नाही.

कमरजहाँच्या घरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी डिंपल व्हरांड्यातून हाक मारत आली. "अहो, इथं कोणी बसलं होतं का? भिंत ओली झाली."

त्यानं जाऊन पाहिलं. गुलाबी भिंतीवर वर गोल, खाली खांदे. इथं डांबर नव्हतं. इथं चुना नव्हता, जुनी माती नव्हती. विटा त्यानं स्वतः उभं राहून उतरवल्या होत्या, सिमेंट स्वतः कालवून घेतलं होतं. डिंपलनं ब्रशनं घासलं, धुतलं, वाळवलं. दुपारी चारला ती ओल परत आली. हेमराज आतून टेप घेऊन आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. मग टेप तशीच परत नेऊन ठेवली. डावा खांदा खाली होता, ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.

"तुम्ही टोलीला जाऊन या," डिंपल म्हणाली.

"शनिवारी मंडळी येणार आहेत, लेख वाचायला. ते होऊ दे."

५

शनिवारी पाच वाजता मंडळी आली. अन्नपूर्णाबाई, प्राचार्य, आणि समितीतले आणखी दोघं. बाहेर लख्ख ऊन होतं. हॉलमध्ये पंखा फिरत होता, डिंपलनं पोहे केले होते. बाईंनी चष्मा लावून प्रुफं वाचायला घेतली. सगळे माना डोलावत होते. हेमराजची खुर्ची व्हरांड्याच्या खिडकीसमोर होती.

तिसऱ्या पानाला त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. चौकटीच्या खालच्या कडेवर काहीतरी मळकं दिसत होतं. फडकं. डोक्याला गुंडाळलेलं फडकं, त्याचा फक्त माथा. कोणीतरी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलं होतं.

त्यानं डोळे मिटून उघडले. गुलमोहराची सावली असेल. त्याच्या अंगणात गुलमोहर नव्हता. शेजारच्यांचं वाळत घातलेलं कापड असेल. मग ते डोकं हळूच थोडं खाली सरकलं, फार जपून, वरचा रंग खराब होऊ नये अशा बेतानं, आणि दिसेनासं झालं.

 हेमराजनं हातातली पोह्याची बशी खाली ठेवली.

"पावसाच्या शिंतोड्यांपासून चुन्याचे रक्षण व्हावे म्हणून," अन्नपूर्णाबाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे खरं का हो? आमच्याकडे पट्टा पार आत आहे. तिथं पाऊस नाही येत."

हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. बाई, तो पट्टा माझ्या बापाच्या पाठीसाठी होता. एवढंच म्हणायचं. बाईंनी त्याला काही खाल्लं नसतं. फार तर खोलीत घटकाभर शांतता झाली असती. मग उठून दार उघडायचं आणि म्हणायचं, बा, आत ये. 

"कसला वास येतोय?" प्राचार्यांनी नाक मुरडलं. "मासोळीचा ना? बाहेर कोणी बसलंय का?"

"कोणी नाही," हेमराज म्हणाला.

आणि मोठ्यानं म्हणाला. खिडकीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ते त्यानं मुद्दाम केलं की भीतीनं झालं, हे त्याचं त्यालाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही. बाहेर कोणीतरी श्वास आवरून धरावा, तसं सगळं गप्प झालं.

"पट्ट्याचं मग तेच राहू द्या," बाई म्हणाल्या आणि प्रुफावर सही केली. स्मरणिका मे महिन्यात निघाली. वाक्य तसंच छापलेलं आहे.

मंडळी निघाली. हेमराज दारात उभा राहून नमस्कार करत होता. व्हरांडा मोकळा होता, भिंतीवर ओल तेवढी. आधी प्राचार्य चपला घालून पायरीकडे सरळ न जाता थोडे बाजूला झाले आणि वळसा घालून उतरले. मग दुसरे दोघं, तसेच. शेवटी अन्नपूर्णाबाई. त्यांनी त्या बाजूचा पदर आवरून घेतला, खाली बसलेल्या माणसाला लागू नये म्हणून आवरतात तसा, आणि बोलत बोलत त्या जागेला वळसा घालून गेल्या. खाली कोणी पाहिलं नाही. चौघांनाही आपण वळलो हे कळलं नाही.

डिंपल रिकामा ट्रे घेऊन हेमराजच्या मागे उभी होती. तिनं चौघांनाही पाहिलं होतं. ती आत गेली, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली, भिंतीशी जमिनीवर ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"आता तरी जा," ती म्हणाली.  "नाही तर मी जाते."

६

तो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. टोलीत शिरताना कोणी ओळखू नये म्हणून त्यानं आधी रुमाल तोंडाला बांधला होता. तलावाच्या पाळीवर तो सोडला. सात-आठ घरं, दारात जाळी वाळत घातलेली. चंदाबाई अंगणात भांडी घासत होती.

तिनं ओरडावं, शिव्या घालाव्यात, अशी त्याची इच्छा होती. ती हात धूत म्हणाली, "आला का. बरं झालं. पाठ पुसायची हाय त्याची, एकटीनं उचलत नाई मले."

आत खाटेवर मनसाराम पडलेला. एवढासा झाला होता. डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, श्वास चालू होता. हेमराजनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठतं केलं. अंगाला वजनच नव्हतं. चंदाबाईनं बनियन वर केलं आणि ओलं फडकं पाठीवरून फिरवलं.

फडकं गुलाबी झालं.

तिनं ते घमेल्यात पिळलं. पाणी गुलाबी झालं. तिनं पुन्हा पुसलं, पुन्हा पिळलं. डाव्या खांद्यावर रंग जास्त होता, खपलीसारखा निघत होता. डिस्टेंपरचा तो रंग हेमराजनं दुकानात तीन वेळा रंगांचं कार्ड चाळून निवडला होता.

"हे काय आहे बाई?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"रोजचंच हाय," चंदाबाई म्हणाली. रडून रडून थकल्यावर माणूस बोलतो तशी बोलत होती. "मागं पिवळं निंघालं. मंग हिरवं. आता चार-पाच दिवसांपासून हे. डाक्टरले दाखवलं त तो म्हणे, कुठी घासला असन. कुठी घासन रे? खाटेवरून उठला नाई हा. मुतायले उठवते त दोन माणसं लागते."

हेमराज बापाला तसाच धरून बसला. इतक्या वर्षांत तो बापाच्या एवढ्या जवळ आला नव्हता. मासोळीचा, चिखलाचा, म्हातारपणाचा वास येत होता, आणि त्याला त्या वासाची नाही, स्वतःची किळस आली. मग नेटकी भाषा, शर्टाची घडी, सगळं गेलं, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत बोलायला लागला.

"बा, मी हेमराज. मह्या घरी चाल. आत्ताच चाल, गाडी करतो. भाईर नाई बा, आत. हॉलमंदी खाट टाकतो तुही. साऱ्या लोकाईले सांगतो, हा माहा बाप हाय म्हणून. बा, ऐकतं का?"

मनसारामनं डोळे उघडले. लेकाकडे पाहिलं, ओळखलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं, आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"लोक गेले का?"